आर्मर अंगावर आहे, पण दिसत नाही : ऑनलाइन आरपीजी काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गणपती झाल्यापासून हा गेम खेळतोय आणि आता कलमांवर कैऱ्या धरल्यात, म्हणजे लिहायला हरकत नाही. गेमचं नाव घेत नाही, कारण हा रिव्ह्यू गेमचा कमी आणि घातलेलं आर्मर, म्हणजे चिलखत, दिसतच नाही या त्यातल्या एका डोकेदुखीचा जास्त आहे, आणि ही डोकेदुखी थोड्याफार फरकाने सगळ्याच ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये असते.

चांगलं ते आधी. नकाशा प्रचंड, लढाई मस्त, खिशातून पैसा न काढता लेव्हल वाढते, आणि मालवणात आमच्याकडच्या नेटवर पिंगही (गेमच्या सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) खेळण्याइतका बरा मिळतो. बास, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

आता आर्मर. दिवाळीच्या सुट्टीत रात्र रात्र रेड (सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूवर स्वारी) मारून एकदाचा चेस्टपीस, म्हणजे छातीचं चिलखत, मिळवला, काळा, खांद्यावर तीन पदरी पत्रे, कडेला पितळी रिव्हेट. घातला. इन्व्हेंटरीतल्या छोट्या प्रिव्ह्यूमध्ये झकास दिसतोय आणि बाहेर बाजारात आलो तर धडच नाही! मुंडकं हवेत, खाली दोन हातमोजे तरंगतायत, त्याखाली बूट, आणि मधल्या मोकळ्या जागेतून मागचा लोहार घण मारताना दिसतोय. गिल्डमधला (गेममधली आमची टोळी) वेंगुर्ल्याचा दोस्त व्हॉइसवर होता, त्याला विचारलं, "मी कसो दिसतंय रे तुका?" तर म्हणतो, "बरो दिसतंस मरे, नवो आर्मर कधी गावलो?"

दुसऱ्याला आपण कसे दिसतो हे विचारलं की माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो, आणि नेमकं हे काम लोक शेवटी करतात. आधी तासभर सेटिंग उलटीपालटी करतात, मग गेम काढून परत टाकतात (एवढ्या जीबीचा डाउनलोड, आणि मोबाइल डेटावर असाल तर विचारूच नका), आणि शेजारच्याला एक प्रश्न विचारत नाहीत. सर्व्हर तुमच्या आर्मरचं चित्र पाठवत नसतो. या माणसाने अमुक नंबरची वस्तू घातलीय एवढंच तो सांगतो, त्या नंबरवरून मॉडेल (वस्तूचा आकार) आणि टेक्स्चर (त्यावरचा रंग-पोत) शोधून अंगावर चढवायचं काम ज्याच्या त्याच्या मशीनवर होतं. दोस्ताला नीट दिसतंय म्हणजे सर्व्हर बरोबर आहे, भानगड माझ्या फाइलींत. त्यालाही मुंडकंच दिसलं असतं तर मी माझ्या पीसीला हातही लावला नसता, कारण मग तो दोष गेम कंपनीच्या बाजूचा, पॅच (त्यांची दुरुस्ती) येईपर्यंत आपण काही करू शकत नाही. आणि डिफेन्सचा आकडा बघून घ्या, तो वाढलेला असेल तर फटके आधीपेक्षा हलकेच बसतात, आर्मर काम करतंय, फक्त दिसत नाही.

धड का गेलं याची गंमत अशी की पूर्ण झाकणारं आर्मर घातलं की बरेच गेम खालचं शरीर मुद्दाम लपवतात, नाहीतर पळताना पत्र्यातून कातडी बाहेर डोकावते. शरीर लपवलं आणि वरचं आर्मर लोडच झालं नाही, की राहतं काय, मुंडकं आणि हातपाय.

मग मी काय केलं, तर चेस्टपीस काढून परत घातला, नाही. दुसऱ्या झोनमध्ये जाऊन आलो, नाही. लॉगआउट, नाही. या तीन गोष्टींनी बऱ्याचदा काम होतं, फुकट आहेत, म्हणून पहिल्यांदा याच करायच्या. बाहेरून जोडलेले अॅडऑन किंवा मॉड असतील तर ते बंद करून बघायचे, माझ्याकडे नव्हते. शेवटी लाँचरमधून (गेम सुरू आणि अपडेट करणारा प्रोग्रॅम) फाइल तपासायला लावल्या आणि काही फाइली खराब निघाल्या, तेवढ्याच परत उतरल्या, आणि धड आलं. स्टीमवर हे गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्समध्ये मिळतं, काही लाँचरमध्ये स्कॅन अँड रिपेअर म्हणतात. सगळा गेम परत टाकण्याआधी हे करा, नेटचा खर्च वाचतो.

फाइली खराब झाल्या कशा? बहुतेक परतीच्या पावसात. इथे विजा चमकायला लागल्या किंवा माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेलीच समजा, आणि पॅच उतरत असताना पीसी दोनदा धाडकन बंद पडला होता. लिहिता लिहिता फाइल अर्धवट राहिली आणि लाँचर मात्र सगळं अपडेटेड म्हणून हिरवं बटण दाखवत होता. नंतर छोटा यूपीएस घेतला. राउटरही त्यावरच लावलाय, कोकणात राहून ऑनलाइन खेळायचं तर ग्राफिक्स कार्डाआधी यूपीएस घ्या असं मी कुणालाही सांगेन.

जानेवारीत परत एक नवा प्रकार. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर तेच आर्मर दिसायला लागलं, पण डांबरासारखं काळंकुट्ट, ना चमक ना रिव्हेट. इथे फाइल तपासणीने काही होत नाही, जुना शेडर कॅशे (रंग-चमक काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, म्हणजे शेडरचा, साठवलेला साठा) उडवावा लागतो. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये डायरेक्टएक्स शेडर कॅशे म्हणून टिकमार्क आहे, तो उडवला, पहिले काही मिनिटं गेम अडखळत चालला, मग ठीक. एकूण काय दिसतंय ते नीट बघायचं. भडक गुलाबी दिसलं तर बहुतेक शेडर किंवा टेक्स्चर सापडत नाही. धूसर, चिखल फासल्यासारखं दिसलं आणि तेही गर्दीतच, तर कार्डाची मेमरी भरलीय. माझं ४ जीबीचं कार्ड आहे, किल्ल्याच्या लढाईत शंभर माणसं जमली की टेक्स्चर एक पायरी खाली आणावंच लागतं.

आणि काही वेळा तो ग्लिचच नसतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०११ ला ट्रान्समॉग आलं, तेव्हापासून घातलेलं एक आणि दिसणारं दुसरं हे अशा गेममध्ये नेहमीचं झालं. फायनल फँटसी १४ मध्ये २०१९ ला व्हिएरा ही लांब कानांची जमात आली, तिच्या डोक्यावर बहुतेक टोप्या दिसायच्याच नाहीत, तसंच बनवलं होतं. म्हणून अपिअरन्सचा स्लॉट (वरून दिसणारा वेष निवडायची जागा) आणि हेल्मेट लपवायचा टिकमार्क आधी बघा. आमच्या गिल्डमधल्या एका पोराने यावरून सपोर्टला तिकीट टाकलं होतं, उत्तर आलं पाचव्या दिवशी, तेही छापील, ड्रायव्हर अपडेट करा म्हणून.

सपोर्टबद्दल माझं मत वाईटच आहे. तिकीट टाकायचंच तर वस्तूचं नाव, कॅरॅक्टरची जात, झोन, आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवरचा फोटो एकत्र जोडा, नाहीतर तेच चार प्रश्न फिरून येतात.

गेमला पाचपैकी साडेतीन. घोड्यावर बसलं की केप अजून गायब होते, पण ती दोस्तालाही दिसत नाही, म्हणजे माझ्याकडचं काही नाही. पॅच येईपर्यंत केप लपवूनच ठेवलीय.