चाकणची कंत्राटी लाइन की डिलिव्हरीची बाइक?

भाच्याचा आयटीआय फिटर झाला. परवा विचारत होता, "मामा, ठेकेदारामार्फत कंपनीत लागू की डिलिव्हरी करू?"

पैसा: डिलिव्हरीत रोज दिसतो. पण पेट्रोल, चेनसेट, बाइकचा हप्ता वजा करा. त्याच्या मित्राने आठवडाभराचा हिशेब वहीत मांडला, तेव्हा चेहराच उतरला.

सुरक्षितता: खरा फरक इथे आहे. कंपनीत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफ कापतात, तेवढाच मालकानेही द्यायचा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयही, म्हणजे आजारपणात दवाखाना. मात्र कापलेला पैसा ठेकेदाराने भरला का, हे यूएएनच्या, म्हणजे आपल्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या, पासबुकात दर महिन्याला बघायचं. पगाराच्या स्लिपवर विसंबू नये. आणि काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, म्हणजे कामावरून काही काळ बसवतात, तो धरूनच चालावं. डिलिव्हरीत ब्रेक नाही, पीएफही नाही. पावसात घसरलात तर खाडा तुमचाच.

मोकळीक: बाइकच जिंकते. नाइट शिफ्ट नाही, सुपरवायझर नाही.

फिटरचा हात टिकवायचा असेल तर लाइनच बरी. दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला पुढे कामी येतो. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी कमाई असं गणित असेल, बाइकही फिटलेली असेल, तर डिलिव्हरी. फक्त त्यासाठी नवी बाइक हप्त्यावर घेऊ नका.