फुल बॉडी चेकअप पॅकेज: आकडे भरपूर, उत्तर अर्धंच

घरी येऊन रक्त नेतात, रिपोर्ट मोबाइलवर, सोय उत्तम. पण सततचा थकवा, केस गळणं यांचं कारण शोधायला पॅकेज अपुरं. अनेक पॅकेजांत सीरम आयर्न (रक्तातलं लोह) असतं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) नसतं. आयर्न दिवसभरात वरखाली होतं, म्हणून फेरिटिन वेगळं मागा. ते मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमखाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं. ताप, संसर्ग असताना मात्र ते फसवं वाढतं. म्हणून सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी) हवं.

थायरॉइडच्या चाचणीत टीएसएच ६, म्हणजे किंचित जास्त, आलं? दोनेक महिन्यांनी फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी) यांसह पुन्हा करा. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन हे जीवनसत्त्व काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दाखवतं; डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. रिपोर्टमधल्या लाल अक्षरांपाठोपाठ येणारा ‘पुढच्या पॅकेज’चा फोन खुशाल कापा.

पाचपैकी तीन तारे, तेही सोयीचे.