साताऱ्याजवळचं जुन्या वस्तूंचं दुकान: घंगाळ घ्या, मूर्ती नको

पाचपैकी अडीच स्टार. नाव देत नाही. हायवेपासून थोडं आत, पत्र्याचं मोठं शेड.

माल आधी सांगतो, कारण माल खरंच भारी आहे. पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे, तुळया, पितळी कड्यांचे झोपाळे, अडकित्ते, पानपुडे, आजीकडे होता तसला तांब्याचा बंब, रविवर्मा प्रेसची चित्रं (त्यातली निम्मी नंतरची प्रिंट, हे मालक स्वतःच सांगतो, तेवढा सरळ आहे). घासाघीस चालते, मी घंगाळ ४,२०० वरनं ३,५०० ला आणलं, बायको म्हणाली तरी फसलासच.

पण मागं ताडपत्रीखाली दोन दगडी वस्तू दिसल्या आणि माझं डोकं फिरलं. एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, खाली लढाई, वर पिंडीची पूजा. दुसरी विष्णूची मूर्ती, कमरेपासून वरची, नाक गेलेलं. कुठनं आणली विचारलं तर डोंगराकडच्या एका गावातनं म्हणे, गावानं संगमरवराची नवीन बसवली, ही खंडित म्हणून डोहात सोडणार होते, "मीच वाचवली की पाव्हणं." कागद? नाही. नोंदणी? "दगडाला कसली आलीय नोंदणी."

आलीय ना. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची दगडी मूर्ती पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावी लागते, असल्या वस्तूंचा धंदा करायचा तर लायसन लागतं, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही. एवढं ऐकल्यावर मालकानं चहा मागवला (अर्धा स्टार त्या चहाचा) आणि म्हणाला, "देऊळच पडलंय, पुजारी नाय, ट्रस्ट नाय, मग मालक कोण? ज्यानं उचलली त्याची."

बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून त्याला सांगितलेली पाथूरची केस इथंही सांगतो. तमिळनाडूतलं पाथूर, तिथं बाराव्या शतकातलं पडकं शिवमंदिर, १९७६ मध्ये एका मजुराला खणताना पंचधातूचा नटराज सापडला, त्यानं विकला, हात बदलत बदलत तो लंडनला पोचला आणि १९८२ मध्ये बम्पर नावाच्या कॅनडाच्या कंपनीनं अडीच लाख पौंडांना घेतला. साफसफाईसाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिला तिथनं पोलिसांनी उचलला. कंपनी म्हणे आम्ही रीतसर पैसे मोजलेत. आणि समोरच्या बाजूनं दावा कुणाचा, तर त्या पडक्या देवळाचा! आपल्याकडे देव आणि देऊळ कायद्यानं व्यक्ती धरतात, ते इंग्लंडच्या कोर्टानं मानलं, पूजा बंद पडली म्हणून देवळाचा हक्क जात नाही. १९९१ मध्ये अपिलातही कंपनी हरली आणि नटराज भारतात आला.

म्हणजे मालक आहे, फक्त तो तुमच्याशी भाव करायला येत नाही. हे बोललो तेव्हा मालक हसला, पण ताडपत्री परत ओढली.

तमिळनाडूतल्याच श्रीपुरंतनच्या देवळातनं चोरलेल्या नटराजाचं तर आपल्या डोळ्यांसमोरचं, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २००८ मध्ये न्यूयॉर्कचा जुन्या मूर्तींचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडनं पन्नास लाख डॉलरच्या वर मोजून घेतला, खरेदीचे जुने कागद खोटे निघाले, २०१४ मध्ये त्यांच्या पंतप्रधानानं दिल्लीत येऊन परत दिला. कपूरला २०२२ मध्ये दुसऱ्या एका देवळाच्या मूर्तिचोरीत कुंभकोणमच्या कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली. ह्या नटराजाची चोरी सिद्ध कशावरनं झाली तर पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं देवळात काढून ठेवलेल्या फोटोंवरनं. आपल्या गावच्या वीरगळांचे फोटो कुणाकडे आहेत? आमच्या गावात तर एकावर कपडे धुतात.

मालकाचा एक मुद्दा मात्र मला गप्प करून गेला. "मग मेणवलीची घंटा कुणाची वो?" वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाटावर आहे ती, पोर्तुगीज चर्चची, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. आम्ही लहानपणी सहलीला जाऊन ती अभिमानानं बघायचो. लढाईतली लूट आणि रात्रीतनं चोरलेला देव एकच नाही असं मी म्हणालो खरं, पण माझं मलाच ते पटत नव्हतं.

तर जायचं असेल तर जा, लाकूड आणि पितळ बिनधास्त घ्या. पार्किंगला जागा आहे. भांडं घेताना मात्र पाणी भरून बघा, माझ्या घंगाळाला खालून डाग दिलेला निघाला, घरी आल्यावर रात्रभर गळत होतं.