डीप फ्रीझरचे अकरा महिने: जेवण नको, वाटप ठेवा

गेल्या ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, 100 लिटरचा वर झाकण उघडणारा डीप फ्रीझर घेतला. आम्ही वेंगुर्ल्यात राहतो. नवरा आणि मी दोघंही सकाळच्या एसटीने कुडाळला नोकरीला जातो. घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. रविवारी आठवड्याचं जेवण करून गोठवायचं आणि रोज संध्याकाळी नुसतं गरम करायचं, असा बेत होता. सासूबाईंचा एकच प्रश्न, "शिळ्या जेवणाक एवढो पेटारो कित्याक गो?"

पहिले दोन महिने त्यांचंच खरं झालं. बटाट्याच्या भाजीतल्या फोडी स्पंजासारख्या झाल्या. बांगड्याचं तिखलं गरम करता करता माशाचा भुगा. सोलकढीतला नारळाचा रस फुटला, ती सरळ मोरीत ओतली. उरलेल्या उकडीच्या मोदकांची पारी तडकली. (आतलं चून, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, मात्र ताज्यासारखं होतं. आता नुसतं चूनच ठेवते.)

दिवाळीनंतर रीत बदलली. शिजलेलं जेवण नाही, जेवणाची तयारी ठेवायची. सगळ्यात उपयोगी पडलं ते भाजक्या कांद्या-खोबऱ्याचं वाटप. रविवारी चार-पाच नारळ खवते, खोबरं आणि कांदा खरपूस भाजते आणि कमीत कमी पाण्यात वाटते. झिपच्या पिशवीत भरून तळहाताने चपटं करते, वरून सुरीच्या पाठीने चौकोनांच्या रेघा ओढते. गोठलं की लागेल तेवढा तुकडा मोडून थेट टोपात टाकता येतो. गरम वाटप आत ठेवू नका, शेजारच्या वस्तू मऊ पडतात आणि बर्फ साचतो. पण थंड होईस्तोवर ओट्यावरही विसरू नका. आमच्या दमट हवेत ओलं खोबरं कधी आंबेल सांगता येत नाही. मी पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवते, अर्ध्या तासात काम होतं.

काळ्या वाटाण्याची उसळ आणि चिकनचा रस्सा शिजवून ठेवले तरी छान राहतात. बाकी आमटी-भाजी ताजीच, पण वाटप तयार असल्याने घरात पाऊल टाकल्यापासून पाऊण तासात पानं वाढली जातात. मासे कच्चेच ठेवते, धुऊन, एका वेळच्या हिशेबाने. सुरमईचे तुकडे तीन महिने छान राहिले. बांगडा तेलकट, महिन्याभरानंतर खवट वास यायला लागला. वितळवायचे तर आदल्या रात्री साध्या फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

मार्चमध्ये ओले काजूगर सोलून ठेवले, मेमध्ये हापूसचा रस. तिथे एक मूर्खपणा केला. काचेची बरणी काठोकाठ भरली. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे शाळेत शिकले होते, आठवलं ते बरणी तडकल्यावर. काच असेल म्हणून सगळा रस टाकावा लागला. आता प्लास्टिकचे डबे, वर दोन बोटं जागा सोडून.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाईट दीड दिवस गेली. गच्च भरलेला फ्रीझर न उघडल्यास साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24. आमचा भरलेला होता. वर गोधडी टाकली आणि मुलांना झाकणाला हात लावायची बंदी केली. आत एका वाटीत गोठलेल्या पाण्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. लाईट आल्यावर नाणं वरच होतं, म्हणजे आतलं वितळलं नव्हतं. स्टॅबिलायझर मात्र पहिल्या दिवसापासून लावा, आमच्याकडचं व्होल्टेज भरवशाचं नाही.

तक्रारी आहेतच. तळाशी गेलेली पिशवी शोधायला अर्धा फ्रीझर रिकामा करावा लागतो. मी आता बाजारातल्या जाळीच्या टोपल्या घातल्यात, त्या कंपनीनेच द्यायला हव्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्यांना अकरा महिन्यांतच गंज धरलाय. दर दोन-तीन महिन्यांनी बर्फ काढण्यात एक सकाळ जाते. बिलात महिन्याला तीसेक युनिट वाढले. आणि चिकटपट्टीवर नाव-तारीख लिहायला आळस केलात तर वाटप समजून चून रश्श्यात पडतं. आमच्याकडे एकदा पडलं, मुलांनी आवडीने खाल्लं.

1 जूनपासून मासेमारी बंद आहे, 31 जुलैपर्यंत. काल सासूबाईंनी स्वतःच झाकण उघडलं, सुरमईच्या पिशव्या मोजल्या आणि म्हणाल्या, "तीनच उरलेत गो. पुढल्या वर्षी जास्त ठेव."