कोळीवाड्याचा लोगो: चित्राचा करायचा की अक्षरांचा?

मंडळासाठी, मच्छीमार सोसायटीसाठी नाहीतर नारळी पौर्णिमेच्या टीशर्टसाठी वाड्याचा लोगो करायचं ठरलं की पहिला वाद इथेच होतो, होडी-मासा काढायचा की वाड्याचं नावच झकास लिहून घ्यायचं.

चित्र लांबून कळतं, झेंड्यावर उठून दिसतं, ते खरंच आहे. पण वरळी, माहीम, वर्सोवा, मढ, खारदांडा, सगळीकडे होडी आणि मासाच, मग तुमचा वाडा कुठला हे कळणार कसं? पापलेट तर 2023 मध्ये राज्यमासा झालाय, म्हणजे आता तो आख्ख्या महाराष्ट्राचा. आणि काढायचाच असेल तर नीट काढा हो, नेटवरून उचललेला मासा बहुतेक वेळा लांबुळका असतो, आपलं पापलेट पसरट, चौकटच्या पत्त्यासारखं, आणि शेपटीचं खालचं टोक वरच्यापेक्षा लांब, एवढं चुकलं तरी बाजारात बसणारी कुठलीही मावशी लगेच सांगेल की हा आपला मासा नाय. एकविरा आईचा मुखवटा घ्या असंही कुणीतरी सुचवणारच, श्रद्धा मोठीच आहे, पण वाड्यात ख्रिश्चन कोळी घरं असतील तर आधी त्यांना विचारा, लोगो त्यांचाही आहे.

अक्षरांमध्ये हा घोळच नाही, नाव वाचलं की वाडा कळला. रुपयाचं चिन्ह बघा ना, आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी केलेलं, 2010 मध्ये आलं, देवनागरी र चा आकार आणि वरच्या रेघा, बास, आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. बजेट नसेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’, ‘बालू’ असे फुकट फॉन्ट आहेत, फक्त तेच फॉन्ट दुकानाच्या पाट्यांवर पण दिसतात, त्यामुळे जमलं तर बोटींवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून अक्षरं लिहून घ्या, त्या वळणात तुमचं बंदर आपोआप येतं. अडचण एकच, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत लांब नाव मावत नाही आणि बारीक मात्रा, रफार भरून जातात, म्हणून पहिलं अक्षर सुटं वापरता येईल असं करून घ्या.

माझं मत अक्षरांनाच. शाळकरी पोरांच्या स्पर्धेचा वगैरे लोगो असेल तर चित्र चालेल.

काहीही निवडा, फायनल करण्याआधी एका रंगात छापून बघा, टीशर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते आणि खर्च वाढतो, आणि डिझायनरकडून वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.