वेबसाइटवर वेळ साठवताना: ठरावीक फरक, यूटीसी की शहराचं घड्याळ?

मिरजेतल्या एका गाण्याच्या क्लाससाठी मी बुकिंगची वेबसाइट केली होती. बाई दर रविवारी संध्याकाळी सातला ऑनलाइन शिकवतात. न्यू जर्सीतल्या एका मुलीसाठी तेव्हा सकाळचे साडेआठ होत. मार्चचा दुसरा रविवार आला, तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे गेली आणि ती नेहमीप्रमाणे साडेआठला येऊन बसली. आपल्याकडे तेव्हा सहाच वाजले होते. बाई सातला तंबोरा जुळवून बसल्या, तोवर ती कंटाळून निघून गेली होती. चूक माझी होती: कोडमध्ये मी सरळ 'साडेदहा तास वजा' असं लिहून ठेवलं होतं.

असा ठरावीक फरक लिहिणं हा पहिला पर्याय, आणि तो सोडाच. न्यूयॉर्क आणि आपल्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडनचा साडेपाच आणि साडेचार. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये या तारखा 8 आणि 29 मार्च. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं अंतरही पाचाऐवजी चार तास असतं. 'आयएसटी'सारखी वेळेची लघुरूपंही साठवू नका. भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघंही आपापल्या वेळेसाठी हेच लघुरूप वापरतात.

दुसरा पर्याय यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी, ऋतूप्रमाणे न बदलणारी प्रमाण वेळ. घडून गेलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे पेमेंट, लॉगिन, फॉर्म कधी भरला यासाठी, मी डोळे झाकून हाच घेतो. कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कला रात्रीचा दीड दोनदा वाजतो: एकदा आपल्या सकाळी अकराला, पुन्हा दुपारी बाराला. नुसतं 'दीड' साठवलं तर कोणता दीड ते कधीच कळणार नाही. यूटीसीत दोन्ही वेगळे राहतात.

पण पुढच्या, त्यातही दर आठवड्याच्या वेळांसाठी फक्त यूटीसी पुरत नाही. न्यूयॉर्कच्या शिक्षकाचा सकाळी साडेआठचा वर्ग हिवाळ्यात यूटीसी 13:30 म्हणून साठवला, तर उन्हाळ्यात तो साडेनऊला दिसेल. शिवाय सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने बहुतेक भागात 2022 मध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची पद्धत बंद केली, इजिप्तने 2023 मध्ये ती पुन्हा आणली. आधीच यूटीसीत बदलून ठेवलेली पुढची वेळ तिथेच चुकते.

तिथे तिसरा पर्याय: घड्याळातली वेळ आणि शहराच्या नावाचा टाइम झोन, दोन्ही साठवायचे. 'रविवार, 08:30, अमेरिका/न्यूयॉर्क'. आपला झोन 'एशिया/कोलकाता'. या नावांमागचे नियम आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे सर्व्हरवर तो अद्ययावत ठेवावा लागतो. एवढी मेहनत मात्र घ्यावीच लागते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर एक लक्षात घ्या: 'टाइमस्टँप विथ टाइम झोन' या नावाच्या कॉलममध्ये झोन साठवलाच जात नाही. वेळ आतून यूटीसी होते, म्हणून झोनसाठी वेगळा कॉलम हवा.

सांगली-साताऱ्यात बसून हा घोळ सहसा दिसत नाही. आपलं घड्याळ वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे भारतातल्या ग्राहकांपुरते तिन्ही पर्याय सारखेच चालतात आणि टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर येतं. म्हणून परदेशी ग्राहक असतील तर पर्याय निवडण्याआधी मालकाला विचारा: वेळ कोणाच्या घड्याळाने धरायची? मिरजेच्या बाईंना विचारलं, तर सातनंतर त्यांना जमत नव्हतं आणि आधी घरचा रियाज. म्हणजे घड्याळ बाईंचं. आता त्यांच्या साइटवर '19:00, एशिया/कोलकाता' एवढंच साठवलेलं आहे, आणि मार्चच्या पहिल्या रविवारनंतर न्यू जर्सीला निरोप जातो: येत्या रविवारपासून तुमचा क्लास साडेनऊला.