छऱ्याची बंदूक की पॉइंट टू टू?

पनवेलजवळच्या वाडीत घुशी माजल्यात, म्हणून भाचा विचारतो, "मामा, कुठली घेऊ?" मी वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही बंदुका चालवतो, म्हणून सांगतो.

पॉइंट टू टू म्हणजे 0.22 इंची गोळीची रायफल. तिचं काडतूस बोटांत धरून बघा. बुडाची कड जरा बाहेर आलेली असते, पेटणारा मसाला त्या कडेतच असतो. पिन कडेवर आदळते, तिथे कायमचा खळगा पडतो आणि ते पितळी नळकांडं पुन्हा भरता येत नाही. गोळी अडीच ग्रॅमची, ताकद सुमारे 140 ज्यूल. रायफल हातात घेतली की मन हरखतं, खोटं कशाला बोलू! परदेशात ससे, खारी मारायला हीच वापरतात. पण नेम चुकला तर गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. दगडावरून, पाण्यावरून उडते. तुझ्या कुंपणापलीकडे शाळा आहे रे! शिवाय परवाना हवाच.

4.5 मिलिमीटर छऱ्याची बंदूक हवेवर चालते. स्पर्धेतली जेमतेम आठ ज्यूलची, 20 ज्यूलच्या आतलीला परवाना लागत नाही. घूस मात्र तिने जखमी होऊन बिळात तडफडत मरेल. ते मला बघवत नाही.

म्हणून घुशींसाठी पिंजरा लाव, बिळं बुजव, खरकटं झाक. ससे, पाखरं यांचं तर नावच काढू नकोस, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

नेमबाजीच शिकायची असेल तर छऱ्याचीच घे. दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधला की पॉइंट टू टूकडे मीच घेऊन जाईन.